तासाला एकदा एक्के

पोकरच्या टेबलावर सगळ्यात जास्त डाव बघतो तो डीलर, आणि सगळ्यात कमी बोलतो तोही डीलरच. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर मी काही वर्षं पोकरचे पत्ते वाटले. खेळलो कधीच नाही. नोकरीत असताना परवानगी नव्हती आणि नोकरी सुटल्यावर हौस उरली नाही. पण दुसऱ्यांचे हात बघता बघता एक मत पक्कं झालं: वाईट पत्त्यांपेक्षा चांगले पत्ते माणसाला जास्त बिघडवतात. त्यातही टेबल ढिलं असेल, म्हणजे कोणी पत्ते टाकायलाच तयार नसेल, तर चांगला हात आलेल्याची खरी परीक्षा होते.

मी सावंतवाडीकडचा. आमच्या बाजूची पोरं पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात कामाला जातात. कोण औषधांच्या कारखान्यात, कोण हॉटेलात, कोण कॅसिनोत. गोव्याने 1976च्या जुगारविरोधी कायद्यात दुरुस्त्या करून आधी पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन आणि नंतर बोटींवर टेबलांवरचा खेळ मोकळा केला. 2020 पासून खुद्द गोंयकारांना मात्र तिथे खेळायला जाता येत नाही. कामावर असलेल्यांचीच काय ती सूट. त्यामुळे गिऱ्हाईक सगळं बाहेरचं. मुंबई, पुणे, सुरत, हुबळी, बंगळूर, दिल्ली. दोन-तीन रात्रींसाठी आलेला माणूस खेळायला आलेला असतो, पत्ते टाकून बसायला नाही. जेट्टीवरून छोट्या बोटीने आत यायचं, जेवण झालेलं, हातात ग्लास, शेजारी कॉलेजचे मित्र. अशा माणसाला ‘हे पत्ते खेळण्यासारखे नाहीत’ हे कोण सांगणार?

दुसरं कारण तीन पत्तीचं. आपल्याकडे बहुतेकांनी पैशावर पत्ते खेळायला सुरुवात केलेली असते ती दिवाळीच्या किंवा गणपतीच्या रात्री, आणि खेळ तीन पत्ती. तिथे ब्लाइंड खेळणं म्हणजे छातीचं काम आणि पॅक करणं म्हणजे कच खाणं. ही सवय माणूस पोकरच्या टेबलावर घेऊन येतो. शिवाय तीन पत्तीत हातात आलेले तीन पत्ते शेवटपर्यंत तेच राहतात. एक्क्यांची ट्रेल आली की त्यावर कोणी नाही. ती मागून येऊन कोणी मोडू शकत नाही. बोटीवरच्या पोकरमध्ये, म्हणजे होल्डेममध्ये, तसं नसतं. हातात दोन पत्ते, मध्ये उघडे पाच. आधी तीन फ्लॉपचे, मग टर्नचा एक, मग रिव्हरचा एक. दोन एक्के सुरुवातीला सगळ्यांत भारी असतात, पण पाच पत्ते अजून यायचे असतात आणि ते सगळ्यांचे असतात. तीन पत्तीच्या मनाने होल्डेम खेळणारा एक्के बघतो तेव्हा त्याला वाटतं, पॉट, म्हणजे मध्ये जमलेला पैसा, आपला झाला. झालेला नसतो. पॉटमधला आपला वाटा मोठा झालेला असतो, एवढंच.

हे मला कळलं ते हुशारीने नाही, मी कुठे बसलो होतो त्यामुळे. डीलरचं काम यंत्रासारखं असतं. नवा कॅट आला की पत्ते टेबलावर पसरायचे, दोन्ही तळव्यांनी घोळायचे, मग रिफल, रिफल, स्ट्रिप, परत रिफल, आणि कट. गठ्ठ्याच्या तळाला रंगीत कट कार्ड, म्हणजे खालचा पत्ता कोणाला दिसू नये. प्रत्येक फेरीला वरचा एक पत्ता जाळायचा, म्हणजे न उघडता बाजूला टाकायचा, आणि मग मधले उघडायचे. चिप्स मोजायच्या, कोणी समोरचे सगळे लावून ऑल-इन झाला तर साइड पॉट वेगळा लावायचा, कॅसिनोचा वाटा, म्हणजे रेक, काढून फटीत टाकायचा. अर्ध्या तासाने दुसरा डीलर येतो, तेव्हा टेबलावर दोन्ही हातांचे तळवे उघडे करून दाखवायचे आणि उठायचं. डीलरला मत नसतं. कोणी कितीही विचित्र खेळला तरी चेहरा कोरा.

आता हिशेब बघा. दोन एक्के हातात येण्याची शक्यता 221 डावांत एकदा. बोटीवरच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. म्हणजे एका खुर्चीत बसलेल्या माणसाला सरासरीने सात-आठ तासांत एकदा एक्के मिळणार, अख्ख्या रात्रीतून एकदा. दोनच रात्रींसाठी आलेल्याला त्या सहलीत दोनदा, नशीब आडवं आलं तर एकदाही नाही. पण टेबलावर नऊ माणसं असतात. 221ला नवाने भागा: दर चोवीस-पंचवीस डावांत कोणाच्या तरी हातात एक्के असतात. त्या खुर्चीतल्या माणसाला जे रात्रीतून एकदा घडतं, ते माझ्या टेबलावर तासाला एकदा घडत होतं. त्याच्यासाठी तो सोहळा, माझ्यासाठी नेहमीचं वाटप. सगळा फरक इथून पडतो. सहा तास वाट बघितल्यावर आलेली वस्तू माणसाला आपल्या हक्काची वाटते, आणि हक्काची वस्तू कोणी घेऊन गेलं की त्याला लुटल्यासारखं होतं.

वाटा किती, तेही सांगतो. एक्के विरुद्ध कुठलेही दोन पत्ते घेतलेला एक माणूस: शंभरात पंचाऐंशी वेळा एक्के जिंकतात. समोर दोघे असले तर त्र्याहत्तरच्या आसपास, चौघे असले तर छप्पन्न, पाच असले तर एकोणपन्नास. आठही जण शेवटपर्यंत राहिले तर पस्तीस. म्हणजे ढिल्या टेबलावर एक्के बहुतेक वेळा हरणार. हे ऐकून खेळाडू वैतागतात आणि म्हणतात, असल्या टेबलावर चांगले पत्ते मिळून काय उपयोग? पण पैशाच्या बाजूने बघा. पाच जणांनी तुमच्याबरोबर हजार-हजार घातले. सहा हजारांत तुमचे हजार, आणि तुमचा वाटा जवळजवळ निम्मा, म्हणजे तीन हजारांच्या घरात. एकाने येऊन पंचाऐंशी टक्के हरावं त्यापेक्षा पाच जणांनी येऊन निम्म्या वेळा हरवावं, हे फायद्याचं आहे. जिंकण्याची वेळ कमी येते, पण येते तेव्हा घबाड येतं. ज्याला जिंकलेले डाव मोजायची सवय आहे त्याला हे पटत नाही.

एक डाव नीट सांगतो, कारण त्यात सगळं आहे. ब्लाइंड, म्हणजे दोघांनी पत्ते बघण्याआधीच घालायचे पैसे, 100-200. हुबळीकडचे एक गृहस्थ, बांधकामाच्या धंद्यातले, दर वेळी न बघता 400चा स्ट्रॅडल, म्हणजे आपण होऊन तिसरा ब्लाइंड, लावत होते. त्यांच्या मागे तिघांनी नुसते 400 टाकले. मग पुण्याचा एक पोरगा, आयटीतला. तेव्हा ऑनलाइन पोकर चालू होतं (2025च्या केंद्राच्या कायद्याने ते बंद झालं), आणि तो त्यावर शिकलेला, व्हिडिओ बघून अभ्यास केलेला. त्याने रक्कम वाढवली, रेझ केलं 1,200. छोट्या ब्लाइंडने पत्ते टाकले, मोठ्या ब्लाइंडने तेवढेच भरून कॉल केला. हुबळीकरांची पाळी आली तेव्हा मध्ये 4,100 होते आणि त्यांना घालायचे होते फक्त 800. त्यांनी घातले. मागचे तिघेही आले. सहा माणसं, 7,300चा पॉट.

फ्लॉपला इस्पिकचा गुलाम, इस्पिकची अठ्ठी, चौकटची तिर्री. पोराने 2,000 लावले. इतक्या मोठ्या पॉटमध्ये 2,000 म्हणजे सगळ्यांना ‘बसा, बसा’ म्हटल्यासारखंच. हुबळीकर आले, आणखी एक आला. टर्नला किलवरची सत्ती. पोराने 5,000 लावले आणि हुबळीकरांनी, ज्यांनी तोपर्यंत फ्लॉपनंतर एकदाही रेझ केलं नव्हतं, समोरचे सगळे 31,000 पुढे सरकवले. तिसऱ्याने पत्ते टाकले. पोरगा बराच वेळ चिप्स बोटांत खेळवत बसला. शेवटी कॉल केला. रिव्हरला चौकटची राणी. हुबळीकरांनी अठ्ठी-सत्ती उघडी केली, दोन जोड्या. पोराने एक्के टेबलावर आपटले आणि म्हणाला, “अठ्ठी-सत्तीवर बाराशे कोण घालतं?”

मी पॉट हुबळीकरांकडे सरकवला. उत्तर द्यायची मला मुभा नव्हती, पण ते मला माहीत होतं: बाराशे कोणीच घातले नव्हते. 400 आधीच मध्ये होते, राहिलेले 800 घालून 4,100चा पॉट बघायला मिळत होता. या भावाने अठ्ठी-सत्ती काय, त्याहून हलके पत्तेही माणूस घेऊन येतो, आणि हिशेबाने फार चुकतही नाही. भाव पोरानेच ठरवला होता.

त्याच टेबलावर अधूनमधून पार्ल्याचे एक काका येत. बँकेतून निवृत्त झालेले, पाणी पिऊन खेळणारे. टेबल भरायची वाट बघत बसले असताना त्यांना कळलं की मी सिंधुदुर्गातला, आणि तेव्हापासून खेळ सुरू होईपर्यंत ते माझ्याशी मराठीत बोलत. मी आपलं ‘सर, सर’ करायचो. अशाच डावात, चार जणांनी 400 टाकलेले असताना, ते 3,000 करायचे. टेबलावर कोणीतरी हसायचंच: काका, सगळ्यांना पळवणार काय? कोणी पळायचं नाही. दोघे तरी यायचेच, फक्त आता स्ट्रॅडलवाल्याला 4,900च्या पॉटसाठी 2,600 घालावे लागत. पॉट व्हायचा 10,000च्या वर. फ्लॉपला ते 7,000 लावायचे. गुलामाची जोडी लागलेला येणार, इस्पिकचे दोन पत्ते धरून बसलेला येणार. टर्नला उरलेले सगळे. काका एका संध्याकाळी मला म्हणाले होते, “अरे, गिऱ्हाईक भाव विचारत नाही, तिथे तू होऊन सूट कशाला द्यायची?”

यात युक्ती काहीच नाही. पण त्यामागे एक हिशेब आहे जो पोराच्या व्हिडिओंत कदाचित होता, पण त्याच्या हाताला लागला नव्हता. समोर 40,000 असताना 1,200चं रेझ केलं की फ्लॉपला पॉट 7,300 आणि मागे जवळजवळ 39,000, म्हणजे पॉटच्या पाचपटीहून जास्त. पुढचे दोन-तीन निर्णय महाग आणि अवघड, आणि हातात नुसती एक जोडी. 3,000 केलं की पॉट 10,100 आणि मागे 37,000. फ्लॉपला 7,000 गेले की टर्नला प्रश्न जवळजवळ संपलेला असतो. जे पैसे जायचे ते एक्के पुढे असतानाच मध्ये जातात. समोरच्याला जेव्हा सगळं अंधूक दिसतं तेव्हाच त्याच्याकडून किंमत घ्यायची. चित्र स्पष्ट झाल्यावर तो काही देत नाही, उलट तुमच्याकडून घेतो.

चांगला हात लपवायचा मोह मी सगळ्यात जास्त पाहिला. हातात राजाची जोडी, फ्लॉपला तिसरा राजा, तोही बदामचा, सोबत बदामची दस्सी आणि किलवरची पंजी. चार माणसं डावात. राजावाला मान खाली घालून टेबलावर दोन बोटं टेकवतो: चेक, पैसे न लावता पाळी पुढे. ‘येऊ देत त्यांना.’ बाकीचेही चेक करतात. टर्नला बदामची दुर्री पडते आणि कोपऱ्यातला एक जण खुर्चीत सरळ होऊन बसतो. हातात दोन बदाम असलेल्याला पुढच्याच पत्त्यावर फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे पाच पत्ते, लागण्याची शक्यता साधारण पाचात एक, आणि दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर तीनात एकाहून थोडी जास्त. ढिल्या टेबलावर असा माणूस पॉटच्या निम्मे लावा, पाऊण लावा, येणारच असतो. राजावाल्याने त्याला फुकट येऊ दिलं. पैसे घेतले असते तर तो चार वेळा भरून पाचव्यांदा जिंकला असता, आणि त्या चार वेळांचे पैसे राजावाल्याचे होते.

अपवाद एकच बघितला. टेबलावर असा कोणी असेल जो दर पत्त्यावर स्वतःच पैसे फेकतोय, तर त्याला मध्ये अडवू नये. मजबूत हाताने नुसता कॉल करत राहावं. पण असा माणूस टेबलावर एखादाच असतो. बाकीचे पैसे घालायला तयार असतात, फक्त ते कोणाला तरी मागावे लागतात.

हे सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला पत्ते टाकणं. ढिल्या टेबलावरचा माणूस कॉल खुशाल करतो, अगदी काहीही घेऊन करतो, पण शेवटच्या पत्त्यांवर आपण होऊन मोठं रेझ सहसा करत नाही. करतो तेव्हा त्याच्याकडे असतं. हे जगातलं सगळ्यात सोपं वाचन, आणि एक्के हातात असलेल्याला तेच दिसत नाही. एकदा मध्ये नव्वी, अठ्ठी, सत्ती आणि एक हलका पत्ता असताना काकांच्या बेटवर एका शांत गृहस्थाने मोठं रेझ केलं आणि तिसऱ्याने त्यावर कॉल केला. काकांनी दोन्ही एक्के टेबलावर उघडे ठेवले आणि माझ्याकडे सरकवले. टेबलावर गलका झाला. काका म्हणाले, “दोघं सांगतायत, ऐकायला काय जातं?” शोडाऊनला एकाकडे सरळ सरळ सिक्वेन्स निघाला. पण तो निघाला नसता तरी टाकणं बरोबरच होतं, असं मला वाटतं. अशा वेळी दहात दोनदा फसलो तरी चालतं.

काका हरत नव्हते असं नाही. 3,000 करून, 7,000 लावून, सगळं बरोबर करून रिव्हरला दुर्री-दुर्री असलेल्याला तिसरी दुर्री पडलेली मी स्वतः उघडली आहे. छोटी जोडी घेऊन आलेल्याला फ्लॉपला तिसरा पत्ता लागण्याची शक्यता साडेआठात एक, रिव्हरला तर त्याहून कितीतरी कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि माझ्या टेबलावर ती ठरल्यासारखी यायचीच. काका चिप्स मागवायचे आणि पुढच्या डावाचे पत्ते उचलायचे. बाकीचे डीलर बदला म्हणायचे, कॅट बदला म्हणायचे. “तुझ्या हाताने कधी जिंकलोच नाही,” हे वाक्य तर बोटीवरच्या प्रत्येक डीलरने ऐकलेलं आहे. मी मान हलवून नवा कॅट फोडायचो. पत्त्यांना कोणाचा राग नव्हता, पण ते सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं.

मला वाटतं, तरुण पोरं मजबूत हाताशी एवढी झटापट करतात त्याचं एक कारण त्यांनी हा खेळ कसा शिकला त्यात आहे. 2003 साली ख्रिस मनीमेकर नावाच्या अमेरिकन अकाउंटंटने ऑनलाइन 86 डॉलर भरून पात्रता मिळवली आणि लास वेगासला पोकरच्या वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा जिंकून 25 लाख डॉलर नेले. त्या शेवटच्या लढतीत सगळ्यात गाजलेला डाव कुठला? सॅमी फार्हाविरुद्ध हातात काही नसताना सगळे चिप्स पुढे ढकलून त्याने त्याला जोडी टाकायला लावली तो. पोरांना तो तोंडपाठ होता. ब्लफ बघायला मजा येते. पण ब्लफ चालायला समोरचा पत्ते टाकणारा लागतो. आमच्या टेबलावरचे गृहस्थ सॅमी फार्हा नव्हते. ते जोडी टाकत नसत, कधीकधी जोडी नसतानाही टाकत नसत. तिथे शिकलेली सगळी हुशारी बाजूला ठेवून चांगल्या पत्त्यांची वाट बघणं आणि आल्यावर सरळ पैसे मागणं हेच काम उरतं, आणि शिकून आलेल्याला ते काम हलकं वाटतं. शिवाय मधले सहा-सात तास आहेत. एक्के रात्रीतून एकदा येतात. त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला माणूस कंटाळून राजा-छक्की, राणी-नव्वी खेळायला लागतो आणि एक्क्यांनी मिळणार तेवढे आधीच घालवून बसतो. बहुतेकांचे पैसे मोठ्या डावांत जात नसत, या मधल्या वेळेत थोडे थोडे झिरपत.

पहाटे पाळी संपली की खेळाडू आणि आम्ही कधीकधी एकाच बोटीने जेट्टीवर परतायचो. गप्पा सगळ्या डावांच्याच: याने काय घेऊन कॉल केला, रिव्हरला काय पडलं, मी कसा पुढे होतो. अशा गप्पा मारणारे बहुतेक हरलेले असत. जिंकून निघालेल्याकडे सांगण्यासारखं फारसं नसे. मजबूत हात नीट खेळला गेला की तो बघणाऱ्याला रटाळ वाटतो: रेझ, बेट, बेट, कॉल, पत्ते दाखव, चिप्स ओढ. असे डाव मी शेकड्यांनी वाटले असतील, पण त्यांतले मला आठवत नाहीत. आठवतात ते फसलेले. म्हणून कोणी विचारलं की बोटीवर पैसे कोण कमावतं, तर मी एवढंच सांगतो: ज्याचे किस्से कोणी सांगत नाही तो.